अलार्म वाढवलेत, पण आम्हाला कळवलंत काय?

प्रति,
नियंत्रण कक्ष आधुनिकीकरण समितीचे सर्व सदस्य
(आणि जिथे जिथे अशा समित्या बसतात, तिथलेही)

विषय : तीस सेकंदांत अलार्म ॲकनॉलेज करण्याचा नियम आणि आमच्या माघारी ठरलेले नवे स्क्रीन

महोदय,

गेल्या पंधरवड्यात नियंत्रण कक्षाच्या दारावर तुमचं परिपत्रक लागलं. त्यावर मी नेहमीच्या वाटेने एक अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. प्रश्न आमच्या एका प्लांटपुरता असता तर आतल्या आत वाट पाहिली असती. पण रिफायनरी असो, वीज केंद्र असो की रेल्वेचं सिग्नल नियंत्रण, चार माणसं आणि दहा पडदे असलेल्या प्रत्येक खोलीत हेच चालतं, आणि त्या खोलीबाहेर राहणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो.

परिपत्रकात तीन गोष्टी आहेत. मागच्या घटनेनंतर थंड पाण्याच्या यंत्रणेवर आणखी अलार्म बसवले जाणार. प्रत्येक अलार्म वाजल्यापासून तीस सेकंदांत ॲकनॉलेज, म्हणजे बटण दाबून ‘पाहिला’ असा नोंद, झालाच पाहिजे. ज्याचे राहिले त्याची यादी दर महिन्याला निघणार आणि वार्षिक मूल्यमापनात धरली जाणार. आणि पुढच्या शटडाऊनमध्ये (देखभालीसाठी प्लांट बंद असताना) जुने स्क्रीन जाऊन नवे ग्राफिक येणार, समोरच्या भिंतीवर व्हिडिओ वॉल लागणार, आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळणार. हे ठरवणाऱ्या समितीत पॅनलवर, म्हणजे या पडद्यांसमोर, बसून प्लांट चालवणारा एकही माणूस नाही.

मी बावीस वर्षं पॅनलवर आहे. आणि ज्या घटनेचा आधार घेऊन हे सगळं आलं, त्या रात्री मी शेजारच्या कन्सोलवर बसलो होतो. तुमच्या अहवालात जे आलं नाही ते आधी सांगतो.

पावणेतीनच्या सुमाराला दिवे क्षणभर मिचकावले. व्होल्टेज डिप, वीजदाब क्षणभर घसरला. थंड पाण्याचा चालू पंप ट्रिप झाला, बंद पडला. असं होतं, म्हणून तर स्टँडबाय, म्हणजे राखीव, पंप ऑटोवर ठेवलेला असतो. माझा सहकारी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि कामात माझ्याहून शिस्तीचा, ताबडतोब त्या स्क्रीनवर गेला. स्टँडबाय पंपाचं चिन्ह करड्याचं हिरवं झालं होतं. ‘आला का रे?’ मी विचारलं. ‘आला, हिरवा आहे.’ मीही मान वळवून पाहिलं. हिरवाच होता. ‘मग बाकीचं बघ,’ मी म्हणालो.

बाकीचं म्हणजे अलार्मची यादी. पाण्यावर थंड होणारं जे जे होतं ते एकेक करून ओरडायला लागलं. तेलाचं तापमान, बेअरिंगचं तापमान, गॅसचं तापमान, आणि प्रत्येकाचा आधी ‘हाय’ (मर्यादेच्या वर), मग ‘हाय-हाय’ (त्याहून वर). यादी वाचेपर्यंत खाली सरकत होती. एक ओळ डोळ्यांत पकडावी तर ती दुसऱ्या पानावर गेलेली.

पंप फिरतच नव्हता. त्याचा ब्रेकर, म्हणजे त्याला वीज जोडणारा स्विच, बसलाच नव्हता. चिन्हाचा हिरवा रंग पंप फिरल्याचा नव्हता, पंपाला ‘फिर’ असं सांगितल्याचा होता. बावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. पाण्याचा फ्लो वेगळ्या स्क्रीनवर होता. मोटर वीज घेते आहे का हे सांगणारे अँपिअर फेसप्लेट (पंपाची छोटी खिडकी) उघडून तिसऱ्या टॅबवर गेल्यावर दिसतात. ‘स्टँडबाय पंप सुरू झाला नाही’ असा अलार्म होता का? होता. तिसऱ्या पानावर होता. बाकीच्यांच्याच रंगात, बाकीच्यांच्याच आवाजात, ‘प्रिंटरचा कागद संपला’ या ओळीच्या जरा खाली.

नऊ मिनिटांनी फील्डवरून वॉकीटॉकीवर आवाज आला, ‘अहो, पंप तर उभा आहे.’ तोवर कॉम्प्रेसर इंटरलॉकवर, म्हणजे सुरक्षा यंत्रणेने आपोआप, बंद झाला होता. कुणाला खरचटलंही नाही. चार दिवस उत्पादन थांबलं. चौकशीच्या शेवटी एक ओळ आली : अलार्मकडे दुर्लक्ष, मानवी चूक. सहकाऱ्याला मेमो मिळाला. ‘पंप आला’ हे पाहून मीही तसंच म्हणालो होतो, हे मी जबाबात लिहून दिलं होतं. मला मेमो नाही. कन्सोल माझा नव्हता, एवढाच काय तो फरक.

हा हिरवा रंग जुना आहे, महोदय. २८ मार्च १९७९ च्या पहाटे चारच्या सुमाराला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पॅनलवरचा दिवा मात्र विझला, आणि व्हॉल्व्ह मिटला असं सगळ्यांनी धरलं. तो दिवा व्हॉल्व्हला जोडलेलाच नव्हता. व्हॉल्व्ह उघडा धरणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या चुंबकाची) वीज तोडली गेली, एवढंच तो सांगत होता. दोन तासांहून अधिक वेळ अणुभट्टीचं थंड ठेवणारं पाणी त्या वाटेने जात राहिलं. ते ज्या टाकीत साठत होतं तिचे काटे पॅनलच्या मागच्या बाजूला होते. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म पेटले होते. संगणकाचा प्रिंटर इतका मागे पडला होता की कागदावर येणारी घटना होऊन गेल्याला बराच काळ लोटलेला असे.

त्या अपघातावर केमेनी आयोग बसला. ऑपरेटरांच्या हातून चुका झाल्या हे आयोगाने लपवलं नाही, पण तिथे पूर्णविराम दिला नाही. प्रशिक्षण अपुरं होतं, कार्यपद्धती गोंधळाची होती, नियंत्रण कक्षाची मांडणी सदोष होती, हे सगळं त्याने नोंदवलं. आणखी एक गोष्ट पुढे आली. अठरा महिने आधी दुसऱ्या एका केंद्रात असाच व्हॉल्व्ह असाच उघडा राहिला होता, तिथल्या लोकांनी तो वेळेत ओळखलाही होता. ती माहिती या पॅनलवरच्या माणसांपर्यंत कुणी पोचवली नव्हती.

मग ४५ हून अधिक वर्षांनी माझ्यासमोर तसाच दिवा का आहे?

आता तुमच्या तीस सेकंदांकडे येतो, कारण माझा सर्वात मोठा आक्षेप तिथे आहे.

ॲकनॉलेजचं बटण दाबलं की बझर थांबतो आणि लुकलुकणारी ओळ स्थिर होते. बटणाचा परिणाम एवढाच. ऑपरेटरला काय समजलं, त्याने काय ठरवलं, काय केलं, यातलं काहीही त्या बटणाला कळत नाही. आमच्या कन्सोलवर या एका बटणावरची अक्षरं पुसून गेली आहेत. शेजारच्या बटणांवरची जशीच्या तशी आहेत. बझरच्या जाळीवर चिकटपट्टीचे तीन थर आहेत. ते कुणी लावले विचारू नका, प्रत्येक शिफ्टने एकेक लावला आहे. ज्या खोलीत बझरचं तोंड बांधावं लागतं तिथे बझरने काम करणं कधीच सोडलेलं आहे, हे ओळखायला सल्लागार नेमायची गरज नाही.

तीस सेकंदांचा नियम लागल्यावर काय होईल ते आजच सांगतो. आम्ही पास होऊ. महिन्याचा अहवाल स्वच्छ येईल. गडबड सुरू झाली की एक हात त्या बटणावर राहील आणि वाचायच्या आधी दाबेल, कारण वाचत बसणाऱ्याचं नाव यादीत जाईल. त्या रात्री माझ्या सहकाऱ्याने दर ओळ वाचायचा प्रयत्न केला. तुमच्या नियमाने तो नापास झाला असता, आणि डोळे मिटून बटण दाबणारा पास.

२४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांवर २७५ अलार्म कोसळले होते. हिशेब करा : अडीच सेकंदांना एक. तिथेही एक व्हॉल्व्ह पडद्यावर उघडा दिसत होता आणि प्रत्यक्षात बंद होता. त्या चौकशीत आणखी एक आकडा निघाला, तो मला कायम खटकतो. तिथल्या २,०४० अलार्मपैकी ८७ टक्क्यांना ‘अतिमहत्त्वाचा’ असा दर्जा दिलेला होता. वर्गात प्रत्येकालाच पहिला नंबर दिला तर निकाल लावला कशाला?

या अनुभवांनंतर नियम आले. ईईएमयूए या औद्योगिक संस्थेची अलार्मवरची १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका १९९९ साली निघाली, अमेरिकेत आयएसए १८.२ हे मानक २००९ मध्ये आलं, आंतरराष्ट्रीय आयईसी ६२६८२ हे २०१४ मध्ये. त्यांचं सार पॅनलच्या भाषेत असं की नेहमीच्या दिवसात एका ऑपरेटरला साधारण दहा मिनिटांना एक अलार्म झेपतो. गडबडीत पहिल्या दहा मिनिटांत दहाच्या वर गेले की तो पूर समजायचा. आणि ज्यावर ऑपरेटरने काही करायचंच नाही, तो अलार्म नव्हेच. ‘प्रिंटरचा कागद संपला’ ही माहिती झाली. ती सकाळी येणाऱ्या माणसाला द्या. ही मानकं आपल्या कचेरीच्या कपाटात आहेत. मागच्या ऑडिटच्या वेळी मीच ती जिन्यावरून वर नेऊन दिली होती.

यात आमचाही दोष आहे, तो कबूल करतो. जुनं हार्ड पॅनल होतं तेव्हा नवा अलार्म लावायचा म्हणजे वर काचेची एक खिडकी (अलार्मच्या दिव्याची) मोकळी हवी, फील्डपासून वायर ओढायची, कुणीतरी सही करायची. जागा संपली की भांडणं व्हायची : हा हवा असेल तर तो काढा. त्या भांडणांतून निवड आपोआप होत असे. शिवाय प्रत्येक खिडकीची जागा ठरलेली. वर उजवीकडे तांबडं पेटलं की न वाचता कळायचं, बॉयलर. डीसीएस, म्हणजे संगणकावरून प्लांट चालवणारी यंत्रणा, आली आणि अलार्म फुकट झाला. माउसच्या दोन क्लिक. मग प्रत्येक हझॉपच्या (संभाव्य धोके तपासण्याच्या) बैठकीत, प्रत्येक चौकशीनंतर, ‘उपाययोजना’ या रकान्यात लिहायला सर्वात सोपी गोष्ट तीच उरली : अलार्म देण्यात येईल. अशा बैठकांना मीही बसलो आहे आणि मान डोलावून चहा होण्याआधी उठलो आहे. काढण्याची बैठक मात्र बावीस वर्षांत एकदाही लागली नाही.

तेव्हा त्या रात्रीवरचा उपाय म्हणून तुम्ही पाण्याच्या यंत्रणेला आणखी अलार्म लावताय, हे पुरात बादलीभर पाणी ओतण्यासारखं आहे. एक योग्य अलार्म तिथे आधीच होता. तो दिसला नाही, कारण त्याच्याभोवती बाकीचे होते.

नव्या ग्राफिकबद्दल. पुरवठादाराने कॉन्फरन्स रूममध्ये दाखवलेला नमुना आमच्यातल्या एकाने दाराच्या फटीतून पाहिला. (बोलावणं नव्हतं.) काळी पार्श्वभूमी, त्रिमितीय टाक्या, गरगर फिरणारे पंप, पाइपांमधून वाहणारं निळं पाणी. पाहुण्यांना आवडेल. पण सगळं ठीक असताना जो पडदा इतका रंगीत असतो, तो बिघाड झाल्यावर आणखी कोणत्या रंगात सांगणार? करडी पार्श्वभूमी, करडी उपकरणं आणि रंग फक्त जिथे काही बिनसलंय तिथे, ही रीत आता नवी राहिलेली नाही. दिसायला ती उदास असते. पण रात्री तीन वाजता त्या उदास पडद्यावर एक पिवळा चौकोन उमटला तर तो पेंगुळलेल्या डोळ्यालाही चुकत नाही. हिरव्या-तांबड्याचा तर वेगळाच घोळ आहे. वीज क्षेत्रात चालू उपकरण तांबडं दाखवायची पद्धत बरीच रूढ आहे, आमच्यात चालू म्हणजे हिरवं. तिकडून आलेल्या नव्या मुलाला महिनाभर उलटं दिसत असतं. आणि ज्यांना हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत असे पुरुष काही दुर्मीळ नाहीत. रंगासोबत आकार किंवा अक्षर द्या, प्रश्न मिटतो.

याहून मोठी गोष्ट, काय कशाशेजारी दाखवायचं ही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सस सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. एक उंच मनोरा द्रवाने भरत गेला. आत किती येतंय हे एका स्क्रीनवर होतं, बाहेर किती जातंय हे दुसऱ्या. दोन आकडे शेजारी असते तर येतंय भरपूर आणि जात काहीच नाही, हे कुणालाही दिसलं असतं. पातळी मोजणारं उपकरण फक्त तळाच्या काही फुटांसाठी होतं. द्रव त्याच्या किती तरी वर चढला असताना पडद्यावरची पातळी सावकाश उतरताना दिसत होती. ऑपरेटर सलग २९ दिवस बारा-बारा तासांच्या पाळ्या करत होते, हेही त्या स्फोटाच्या चौकशी अहवालात आहे.

आमच्याकडेही पंप एका स्क्रीनवर आणि त्याचं पाणी दुसऱ्या स्क्रीनवर. का? कारण स्क्रीन पी अँड आयडी ड्रॉइंगवरून (पाइप आणि उपकरणांच्या नकाशावरून) उतरवले गेले आणि ड्रॉइंगचा कागद तिथे संपत होता. नवे ग्राफिकही त्याच ड्रॉइंगांवरून निघताहेत असं ऐकतो.

व्हिडिओ वॉलवर फार लिहीत नाही. माझ्या खुर्चीवरून तिच्यातली अक्षरं वाचता येणार नाहीत, आणि रात्री तिचा उजेड माझ्या पडद्यावर पडेल. खोलीत दिवे, खुर्च्या, पडदे कसे असावेत याचं आयएसओ ११०६४ नावाचं आख्खं मानक आहे.

तुमच्यातले काही म्हणतील की आता सगळं ऑटोवर जाणार, मग पॅनलवाल्यांचं इतकं काय ऐकायचं? १९८३ सालीच लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. सोपं काम यंत्राकडे गेलं की माणसाकडे उरतं ते अवघड, आणि तेही अशा माणसाकडे, ज्याचा हात सरावातून गेलेला असतो. वर्षभर ऑटोवर चाललेला लूप (आपोआप होणारं एखादं नियंत्रण) ज्या रात्री मॅन्युअलवर पडतो, तेव्हा तुम्हाला माझ्याकडून वीस वर्षांपूर्वीचं कसब हवं असतं. ते टिकवायला सिम्युलेटर, म्हणजे सरावासाठीचं नकली पॅनल, लागतो. तो तीन अंदाजपत्रकांतून कापला गेला.

‘मानवी चूक’ या दोन शब्दांबद्दल एवढंच. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. वैमानिक फ्लॅपऐवजी (पंखांच्या झडपांऐवजी) चाकं आत घेत. ‘वैमानिकाची चूक’ असंच लिहिलं जायचं. अल्फॉन्स शापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्ही स्विच शेजारी आणि हाताला अगदी सारखे. त्याने एकाला चाकासारखी रबरी मूठ बसवली, दुसऱ्याला पाचरीसारखी. वैमानिक तेच राहिले, चुका थांबल्या. आमच्या चौकशी समितीतलं कुणी त्या रात्रीनंतर माझ्या सहकाऱ्याच्या खुर्चीवर बसून तो पडदा पाहायला आलं नाही.

मागण्या साध्या आहेत.

तीस सेकंदांचा नियम मागे घ्या, मूल्यमापनातून तर आधी काढा.

नवा अलार्म लावणं थांबवा आणि जुन्यांची छाननी सुरू करा. प्रत्येकासमोर चार प्रश्न : काय बिघडलंय, दुर्लक्ष केलं तर काय होईल, ऑपरेटरने काय करायचं, त्याच्या हातात वेळ किती. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर तो काढा. या टेबलाशी प्रत्येक शिफ्टचा एक माणूस हवा, आणि रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा बसवू नका, बदली द्या.

पंप, व्हॉल्व्ह, ब्रेकर, जे जे पडद्यावर चालू-बंद दिसतं त्याची यादी काढा, आणि तो रंग आदेशाचा आहे की प्रत्यक्ष स्थितीचा, हे प्रत्येकापुढे लिहा. जिथे आदेशाचा आहे तिथे बदला. बदलता येत नसेल तर पडद्यावर तसं दिसू द्या. याला शटडाऊनची वाट पाहू नका, यादी उद्यापासून होऊ शकते.

अलार्म यंत्रणा स्वतः जिवंत आहे हे दाखवणारी खूण प्रत्येक कन्सोलवर द्या. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, त्याआधी ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा तासाभराहून जास्त वेळ गप्प मेली होती. खोलीतल्यांना वाटत होतं, आज शांत आहे.

नवे ग्राफिक लागू करण्याआधी ती रात्र त्यांच्यावर पुन्हा चालवून दाखवा. सगळा डेटा हिस्टोरियनमध्ये (जुन्या नोंदी साठवणाऱ्या संगणकात) आहे. तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना बसवा, आणि पंप उभा आहे हे त्यांना किती वेळात कळतं ते मोजा. कळलं नाही तर ग्राफिक परत पाठवायचा अधिकार त्यांना द्या. व्हिडिओ वॉलचे पैसे सिम्युलेटरकडे वळवा.

आणि माझ्या सहकाऱ्याचा मेमो. चौकशी अहवालात त्या नऊ मिनिटांतले स्क्रीन जोडा, त्याला जसे दिसत होते तसे, मिनिटामिनिटाचे. ते जोडल्यावरही तुम्हाला मेमो योग्य वाटला तर एक माझ्याही नावाने काढा.

येत्या सोमवारपासून माझी रात्रपाळी आहे. कन्सोलजवळ तिसरी खुर्ची रिकामी असते. दोनच्या पुढे या, आणि ज्यांनी नवे ग्राफिक काढलेत त्यांना सोबत आणा. चिकटपट्टी मी त्याआधी काढून ठेवतो.

आपला,
पॅनल ऑपरेटर, रात्रपाळी